शुक्रवारी आनंदाची रहस्यं

देवावर माझा विश्वास आहे, असं मी आयुष्यभर सांगत आले. सांगणं हा माझा मुख्य गुण. वसईला माहेरी मला रेडिओ म्हणत. कॅनडात हॅलिफॅक्सला आल्यावर दातांच्या दवाखान्यात फोन घेण्याची नोकरी मिळाली, तेव्हा भावाने तिकडून विचारलं होतं, तिथे बोलण्याचासुद्धा पगार देतात का? त्यामुळे मागच्या हिवाळ्यात माझा आवाज बसला आणि बसूनच राहिला, तेव्हा सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली. आल्याचा रस झाला, मध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. मग डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूवर गाठ आहे, ती काढून तपासायला पाठवू, असं सांगितलं. सांगताना त्या स्क्रीनकडे बघत होत्या. परतताना गाडीत मी घोगऱ्या आवाजात नवऱ्याला म्हटलं, "सायमन, देव माझी परीक्षा बघतोय." तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "वायपर बदलायला हवेत."

सायमन असाच आहे. त्याचं प्रेम गाडीला बर्फात लागणारे विंटर टायर्स वेळेवर लावण्यात दिसतं. त्याच्याशी बोलून उपयोग नाही म्हणून मी देवाशी बोलू लागले. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव, गाठ साधी निघू दे, रिपोर्ट लवकर येऊ दे. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ही प्रार्थना नव्हतीच, मी देवाला कामं वाटून देत होते, दवाखान्यात नव्या मुलीला देते तशी. आणि देवही तिच्यासारखाच, ऐकतोय की नाही ते कळू देत नव्हता. माणूस चिडतो तेव्हा निदान भांडतो तरी. मला आतून नुसतं कोरडं वाटत होतं. चर्चमध्ये बसायचे आणि मनात फ्रीझरमध्ये कुठले मासे शिल्लक आहेत याचा विचार यायचा.

ऑपरेशन झालं. त्यानंतर पुढच्या भेटीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजण्याने तंतूंवर जास्त ताण येतो म्हणे. घरात एवढी शांतता झाली की आमची लेक रिया नाश्ता करता करता म्हणाली, "ममा, फ्रिजचा आवाज येतोय. आय नेव्हर न्यू इट हॅड वन." मी तिला पाटीवर लिहून दाखवलं की तुझ्या लग्नात याचा हिशेब होईल. तिला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे ती धमकीही वाया गेली.

खरी अडचण संध्याकाळी आली. आमच्या घरी रोज जपमाळ होते. एकाने ‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी दुसरा अर्धा म्हणून तो पुरा करायचा, अशी ती पद्धत. पहिला अर्धा कायम माझा. दर दहा मण्यांआधी येशूच्या जीवनातलं एक रहस्य सांगायचं असतं. ती वारानुसार बदलतात, सोमवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, असं. ते सगळं माझ्या तोंडपाठ. सायमन आणि रिया आपापला अर्धा पुटपुटायचे, एक पेंगत, दुसरी मोजे घातलेले पाय हीटरवर शेकत. आता मी बोलू शकत नाही म्हटल्यावर सायमनने माळ हातात घेतली आणि घसा खाकरला. त्या दिवशी शुक्रवार होता, तोही ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातला. येशूच्या मरणाचं स्मरण करायचा वार. सायमनने धीरगंभीर आवाजात जाहीर केलं, आनंदाचं पहिलं रहस्य.

मी हात वर केला. पाटीवर ‘दुःखाची’ असं लिहून त्याच्यापुढे धरलं. त्याने ते वाचलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मला एवढीच येतात गं."

मग मंगळवारीही आनंदाची, बुधवारीही आनंदाची. बाहेर गुडघाभर बर्फ, घशात जखम, रिपोर्टचा पत्ता नाही, आणि आमच्याकडे रोज बेथलेहेममध्ये बाळ जन्माला येतंय. चिडून चिडून मी थकले. करण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा ऐकू लागले. इतकी वर्षं मी ती रहस्यं उतरणीवरच्या सायकलीसारखी सोडत आले होते. सायमन अडखळत म्हणायचा, त्यामुळे मध्ये जागा राहायची. त्या जागेत मला दिसलं की या आनंदाच्या रहस्यांत एक म्हातारा मरियेला सांगतो, तुझ्या काळजातून तलवार जाईल. शेवटच्यात तर मुलगाच हरवतो आणि आईबाप तीन दिवस त्याला शोधत फिरतात. हे आनंदात कोणी घातलं असेल? ज्याने घातलं त्याला काहीतरी ठाऊक असणार. भीती संपल्यावर मिळतो तो आनंद मला माहीत होता. हा भीतीच्या शेजारी बसलेला दिसत होता.

रिपोर्टच्या दिवशी सायमन मला हॉस्पिटलच्या दारात सोडून पार्किंग शोधायला गेला. मी एकटीच वेटिंग रूममध्ये बसले. माळ हातात होती, पण बोटं पुढे सरकेनात. शेजारी काळा स्कार्फ बांधलेली एक वयस्क बाई येऊन बसली. तिने माझ्या माळेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोडक्या इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी गळ्याला हात लावून मान हलवली. "नो व्हॉइस?" ती म्हणाली. "ओके. यू लिसन. आय से." आणि पर्समधून स्वतःची माळ काढून ती सुरूच झाली. भाषा अरबी होती. बाई लेबननची, हे मागाहून कळलं. मला ‘मरियम’ आणि ‘येसू’ यांखेरीज एक शब्द समजला नाही. पण प्रार्थना कुठे वळते ते कानाला कळत होतं. पहिला अर्धा म्हणून ती क्षणभर थांबायची, माझ्या श्वासापुरती, आणि मग माझाही अर्धा तीच म्हणायची. मी काहीच करत नव्हते. माझ्याकडून कोणाला काही नकोच होतं. मला इतकं हलकं वाटलं की हसू आलं, आणि हसू दाबताना डोळे भरले. गाठ काय निघणार ते तेव्हा मला माहीत नव्हतं. जे निघणार होतं ते बदललेलंही नव्हतं.

मग माझं नाव पुकारलं गेलं. सायमन धापा टाकत पोहोचला. गाठ साधी निघाली.

बाहेर आले तेव्हा वाटलं, खुर्ची रिकामी असणार. देवदूत असती तर ती नाहीशी झाली असती. ही तिथेच होती आणि फोनवर मुलाला झापत होती. मी अंगठा वर करून दाखवला. तिने फोन न ठेवता माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि मुलाला पुन्हा झापू लागली.

रिपोर्ट वेगळा आला असता तर मी हे लिहिलं असतं का, ते मला सांगता येणार नाही. मी काही संत नव्हे. पण तो आनंद रिपोर्टच्या आधी आला होता, एवढं मी साक्षीला उभी राहून सांगेन. मी हात सैल सोडले तेव्हा तो आला. ते मी स्वतःहून सोडलेच नसते, म्हणून प्रभूने आधी माझं तोंड बंद केलं असेल. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे, आणि घरचे म्हणतात, आम्हीही.

आवाजाच्या थेरपिस्टने थोडं थोडं बोलायची परवानगी दिली, त्या संध्याकाळी सायमनने माळ माझ्यापुढे धरली. मी ती त्याच्या हातात परत ठेवली. शुक्रवार होता. त्याने आनंदाचं पहिलं रहस्य सांगितलं आणि आपला अर्धा म्हणून थांबला. मी माझा अर्धा म्हणायला तोंड उघडलं, तर गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. रिया खुदकन हसली, मीही हसले. सायमन मात्र थांबला नाही. तो पुढच्या मण्यावर गेला.