सरासरी दोन, मागणी अकरा

सप्टेंबरातला मंगळवार, सकाळी साडेदहा. हजर: हॉस्पिटलचे प्रशासक कोठेकर सर, टेक्निशियन शीतल, आणि रक्तपेढीची सुपरवायझर म्हणून मी. विषय: प्लेटलेटचा स्टॉक.

आदल्या दिवशी काउंटरवर भांडण झालं होतं. रामटेके इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला आहेत. त्यांची मुलगी प्रणाली आमच्याच वॉर्डात डेंगूनं ॲडमिट. प्लेटलेट झपाट्यानं उतरत होत्या, नाकातून रक्त येत होतं. डॉक्टरांनी चार पिशव्या लिहून दिल्या. आमच्याकडे एकही नव्हती. होत्या त्या चार सकाळीच दुसऱ्या पेशंटला गेल्या होत्या.

"काहून नाही म्हणता मॅडम? पोरगी तुमच्याच वरच्या मजल्यावर हाय! मी आता कुठं जाऊ?"

मी स्लिप परत दिली. दुसऱ्या रक्तपेढ्यांचे नंबर दिले. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, तेही मशीनवर सतत हलवत ठेवून. नंतर फेकाव्या लागतात. फेकण्याचं प्रमाण वाढलं म्हणून कोठेकर सरांनी महिन्यापूर्वी नियम काढला: शेल्फवर एका वेळी चारच.

मीटिंगमध्ये त्यांनी प्रिंटआउट पुढे सरकवला. "दहा दिवसांत एकोणीस पिशव्या गेल्या. सरासरी दोन. मी चार ठेवू देतो. डबल! तरी तुमचं रडगाणं. खरं तर तीन पुरेत."

"सर, हा आकडा आपण दिलेल्या पिशव्यांचा आहे. मागितलेल्यांचा नाही."

"एकच की!"

माझं डोकं फिरलं. मी काही बोलायच्या आत शीतल म्हणाली, "एकच कसं सर? माल नसला की आम्ही स्लिप परत करून देतो. रजिस्टरात काहीच चढत नाही."

म्हणजे ज्याला 'नाही' सांगितलं, त्यानं मागितलंच नव्हतं, असं आमचं रजिस्टर म्हणत होतं. आणि त्या रजिस्टरावरून हे स्टॉक कापायला निघाले होते.

मी वीस मिनिटं मागून घेतली. वर जाऊन प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टरची मागणीवही पाहिली. तेच दहा दिवस. सात दिवस एकेक पिशवी मागितली होती. तीन दिवस अकरा-अकरा. डेंगूचे पेशंट एकदम येतात आणि एकेकाला चार-चार लागतात.

खाली येऊन मी सरांच्याच प्रिंटआउटवर गणित मांडलं. पुस्तकात याला अपेक्षित मूल्य म्हणतात. प्रत्येक आकड्याला तो येण्याच्या शक्यतेनं गुणायचं आणि सगळं मिळवायचं. दहात सात वेळा एक, दहात तीन वेळा अकरा. सात आणि तेहतीस, चाळीस. दहानं भागले, दिवसाला चार. सरांची दोन मुळातच चूक होती. आणि चार बरोबर असूनही, चार पिशव्या लागलेला एकही दिवस त्या दहांत नव्हता.

"म्हणजे अकरा ठेवायच्या? आणि फेकायला लागल्या की जबाब कोण देणार?"

"फेकलेल्या मोजाच सर. पण न दिलेल्याही मोजा. तीन दिवस, दर दिवशी सात कमी. एकवीस. एक पिशवी फेकली आणि एक पेशंटला मिळाली नाही, या दोन्हींचं नुकसान सारखं धरायचं का, ते प्रणालीच्या वडिलांना विचारून या. खालीच बसलेत."

सर गेले नाहीत. मग घासाघीस झाली. मी बारा मागितल्या, दहा मिळाल्या, त्याही डेंगूचा सीझन संपेपर्यंत. सही मी तिथंच घेतली.

प्रणाली वाचली. तिच्या पिशव्या रामटेक्यांनी सोमवारी सहा तास स्कूटरवर फिरून दोन रक्तपेढ्यांतून आणल्या होत्या. त्यात आमचं काहीही श्रेय नाही.

कोणी सरासरी तोंडावर फेकली, तर ती कशाची काढली हे आधी विचारावं. मी हे महिनाभर उशिरा विचारलं.

त्या दिवशी मी पाच कामांची यादी केली. चार झाली. पाचवं: रजिस्टरात 'मागितल्या, दिल्या नाहीत' असा रकाना. "नवं रजिस्टर छापू तेव्हा बघू," असं उत्तर आहे. तोवर शीतल समासात पेन्सिलनं लिहिते. आज सकाळी तिथं तीनचा आकडा होता.