किपतालामची टाच

इतेन या पळणाऱ्यांच्या गावातल्या माणसांइतकी मन लावून विश्रांती घेणारी माणसं जगात दुसरीकडे सापडायची नाहीत. उजाडायच्या आत तांबड्या वाटेवरून घोळकेच्या घोळके धूळ उडवत पळतात, परत येऊन दूध घातलेला गोड चहा ढोसतात आणि मग दिवसभर नुसते लोळत पडतात. बायको म्हणाली, तेवढी बादली उचला, तर नवरा असा बघतो की हिनं त्याचा घातच मांडलाय. संध्याकाळी पळायचं असतं ना. पण पळण्यापासूनच विश्रांती घ्या असं कुणी म्हटलं की याच गावाला कापरं भरतं. एखादा दोनचार सकाळी दिसला नाही, तर टपरीवर त्याच्याविषयी भूतकाळात बोलायला लागतात. फार छान पळायचा बिचारा, म्हणतात. बिचारा आपला घरात जिवंत असतो.

किपतालामला भूतकाळात जायचं नव्हतं. तिशी कधीच उलटली होती आणि इतक्या वर्षांत त्यानं विमान पाहिलं होतं ते फक्त खालून. आता मात्र योग आला होता. युरोपातल्या एका मोठ्या मॅरेथॉनसाठी चुमो कोचला एक पेसमेकर पाठवायचा होता. पेसमेकरचं काम सरळ असतं. बाकीच्यांच्या पुढे ठरल्या वेगानं पळायचं आणि शर्यत रंगात आली की मुकाट्यानं बाजूला व्हायचं. शनिवारी चाचणी होती, आणि किपतालामच्या खालोखाल कोचच्या नजरेत एकच पोरगा होता. म्हणजे जागा जवळजवळ ठरलेलीच होती. मध्ये आडवी आली होती ती फक्त उजवी टाच.

महिनाभर ती दुखत होती. सकाळी पहिलं पाऊल टेकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तो कुणाला काही बोलला नव्हता, पण एकाच खोलीत राहणाऱ्या बायकोपासून काय लपवणार? भिंतीला धरून, चवड्यांवर नाचत संडासाकडे जाणारा नवरा जेलागात रोज बघत होती.

"चेरोपचे बाबा," एके सकाळी ती मक्याच्या पिठाच्या उगालीचं पातेलं घासता घासता म्हणाली, "गाय लंगडली तर तुम्ही तिला चार दिवस गोठ्यात ठेवता. स्वतःला निदान गाईइतकं तरी समजा."

"गाईला कुणी विमानानं नेत नाही," किपतालाम म्हणाला.

"लंगड्यालाही नेत नाहीत," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे बादली ठेवली. आता नवऱ्याची कदर करावी असं तिला वाटेनासं झालं होतं.

शुक्रवारी कोचनं किपतालामला आणि त्या पोराला पाय तपासायला सामोएकडे पाठवलं. सामोए गावाचा मालिशवाला, आणि किपतालामचा जोडीदार. जोडीदार म्हणजे दोघं एकाच वर्षी वयात आलेले, एकाच रांगेत सुंतेच्या चाकूला सामोरे गेलेले. त्या दिवशी पोरांच्या तोंडाला माती फासतात. ती सुकली की गाव जवळ येऊन बघतं. पापणी लवली की माती तडकते, आणि माती तडकलेल्याला म्हातारपणापर्यंत कुणी धड हाक मारत नाही. दोघांचीही माती शाबूत राहिली होती, आणि याचा माज दोघांनीही अजून सोडला नव्हता.

सामोएनं टाच हातात घेतली, अंगठा रुतवला आणि किपतालामच्या तोंडाकडे बघितलं. दुखतं कुठे हे मालिशवाल्याला तोंडावरून कळतं, जगभर अशीच रीत आहे. पण इथे तोंड होतं किपतालामचं. आतून कुणीतरी खिळा ठोकत होतं आणि बाहेर तो पावसापाण्याच्या गप्पा मारत होता. सामोएनं आणखी जोर लावला. किपतालामनं कणसांचा भाव विचारला.

"टाच ठणठणीत आहे," सामोएनं कोचला सांगून टाकलं.

शनिवारी किपतालाम पळाला, आणि खोटं कशाला बोला, निम्मी वाट फार देखणा पळाला. मागून कोचची पिकअप येत होती, पाण्याच्या बाटल्या द्यायला हौद्यात सामोए बसला होता. मग चढावर टाचेत काहीतरी कट्‌ झालं. तो तसाच आणखी थोडा पळाला, कारण थांबतात कसं हे त्याला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. बरोबरचा पोरगा पुढे निघून गेला. किपतालामनं एक पाय टाकला, दुसरा टाकता येईना, आणि तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. तिथे, मक्याच्या शेतातून बघणाऱ्या दोन बायकांच्या देखत, त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. तो बोंबलला. बायकांनी शरमून माना फिरवल्या.

कोच खाली उतरला आणि त्यानं पायाकडे पाहिलं. या मोसमात तू नाहीस, पोरगा जाईल, एवढंच त्यानं सांगितलं. किपतालामला उचलून हौद्यात टाकलं आणि गाडी एल्डोरेटच्या दवाखान्याकडे वळली. विमान गेलं होतं. बहुतेक यानंतरची सगळीच विमानं गेली होती. तो हौद्यात पडून आभाळ बघत राहिला, आणि त्याला फार वाईट वाटलं.

 सामोए रिकाम्या बाटल्यांकडे बघत म्हणाला, "काल हाताला कळलं होतं मला. टाच तव्यासारखी तापली होती."

किपतालामनं मान वळवली. "मग बोलला का नाहीस?"

"तू हलला नाहीस. जोडीदार हलत नाही, तर दुखतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? गावात तुझं नाव खराब झालं असतं."

किपतालामनं त्याला आईवरून, आजीवरून आणि ठेवणीतल्या दोनतीन शिव्या दिल्या. सामोएनं सगळ्या मान खाली घालून ऐकून घेतल्या.

"माझा गुडघा," शेवटी तो म्हणाला. "मालिशच्या धंद्यासाठी मी पळणं सोडलं असं सांगतो ना सगळ्यांना? गुडघा गेला होता. दुखत नाही असंच मीही तपासणाऱ्याला सांगितलं होतं. अजून दुखतो. आत्ता, बसल्या जागी दुखतोय."

पिकअप एका खड्ड्यात आदळली. किपतालाम मोठ्यानं कळवळला. सामोएनं पुढे बसलेल्या कोचच्या पाठीकडे एकदा बघून घेतलं, आणि पुढच्या खड्ड्याला दोघंही ओरडले.