अक्काचा मसाला आणि दुबईचा साहेब

परदेश प्रवासात पैसे कसे वाचवावेत, या विषयात जळगावात माझा हात धरणारा कुणी नाही. दुबईच्या विमानतळावर एका साहेबाने धरला होता, पण तो मी पडू नये म्हणून.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. (शिकवतो असं मी म्हणतो, मुलांचं मत वेगळं आहे.) लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "एकदा तरी विमानात बसवा." मी चार महिने वही घेऊन बसलो. जुलैत दुबईला कुणी जात नाही, म्हणून तिकीट निम्म्यात मिळतं, ते घेतलं. भुसावळचा मे महिना काढलेल्या माणसाला दुबईचा जुलै काय करणार? विमानात शेजारी बसायचे वेगळे पैसे मागत होते, ते दिले नाहीत. "पंचवीस वर्षं शेजारीच बसलोय की," मी म्हणालो. फोनचं परदेशातलं पॅक घेतलं नाही, कारण विमानतळावर वायफाय फुकट असतं. आणि हॉटेलऐवजी गॅस-भांडी असलेली खोली घेतली, म्हणजे सहा दिवस जेवण घरचं.

घरचं जेवण म्हटलं की आमच्याकडे अक्काचा काळा मसाला आलाच. अक्का म्हणजे माझी आत्या. सोनगीरला राहते, वय ऐंशीच्या घरात. आमच्या घराण्यात लग्नाला आचारी कुणीही असो, मसाला अक्काचाच. शेवभाजीचा पहिला घास घेतला की लोक विचारतात, "खसखस किती टाकता हो अक्का?" अक्का नुसती हसते. मसाल्यात काय काय आहे, हे तिने कुणालाही सांगितलेलं नाही. तिची सून वंदना पंधरा वर्षं मिरच्या भाजतेय, पण सगळं एकत्र करायची वेळ आली की अक्का तिला काहीतरी आणायला दुकानात पाठवते.

मी पाव किलो मागितला, अक्काने दीड किलो दिला. नको म्हणायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. आता बॅगेत जागा कशी करायची? माझ्या वहीत याचाही उपाय होता: बुटांच्या आतली जागा वाया घालवू नये. मी मसाल्याच्या आठ छोट्या पुड्या केल्या, प्रत्येक पुडीला खाकी चिकटपट्टी तीन वेळा गुंडाळली, चार पुड्या चार मोज्यांत घातल्या आणि ते मोजे दोघांच्या बुटांमध्ये कोंबले. उरलेल्या चार पुड्या सुनंदाच्या साड्यांच्या घड्यांत लपवल्या. लपवल्या हा शब्द मी तेव्हा वापरला नव्हता. तेव्हा मी त्याला नियोजन म्हणालो होतो.

विमानात सुनंदा चौदा रांगा मागे, आणि माझ्या शेजारी धरणगावचा एक एसी दुरुस्त करणारा माणूस, आठ वर्षं दुबईत असलेला. मी त्याला वहीतल्या युक्त्या सांगू लागलो. तो कौतुकाने ऐकत होता. मसाल्यावर आलो तेव्हा त्याने मान वळवली.

"सर, त्यात खसखस नाही ना?"

"खसखसच तर त्याची खरी चव," मी अभिमानाने म्हणालो.

"तिथं खसखशीला बंदी आहे, सर. नशेच्या पदार्थात धरतात."

"भाजलेली असेल तर?"

"भाजलेली धरतात, दळलेलीही धरतात. आमच्या खोलीत नव्या माणसाला आम्ही पहिलं हेच सांगतो." मग त्याने प्रेमाने विचारलं, "किती आहे?"

"दीड किलो."

त्याने डोळे मिटले आणि मला वाटतं, आपला हातही माझ्या हातापासून थोडा दूर घेतला.

भीती म्हणजे काय, हे मला वाटायचं मला माहीत आहे. मी शाळा तपासणी बघितलेली आहे. पण उतरेपर्यंतच्या त्या अर्ध्या तासातली भीती निराळीच होती. माझी जीभ टाळूला चिकटली. पाणी विकत होतं, आणि विमानात पाणी विकत घ्यायचं नाही हे माझ्याच वहीत लिहिलेलं! उठून सुनंदाला सांगावं, तर पट्टे बांधायची सूचना झाली. मी हनुमानाचं नाव घेत होतो आणि मधेच दीड किलोला किती वर्षं याचा हिशेब करत होतो. त्याहून वाईट म्हणजे मोजे आठवले. मसाला उघडा नेला असता तर अडाणी म्हणून सोडलंही असतं. मोज्यात चिकटपट्टी लावून बुटात कोंबलेला मसाला कोणता अडाणी नेतो?

उतरल्यावर सुनंदाला एका दमात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सरळ तपासणीच्या साहेबाकडे जाऊन सांगा."

"आणि खसखस नसली तर? उगाच स्वतःहून तुरुंगात जाऊ?"

"मग अक्काला विचारा."

फोनला रेंज नव्हती (पॅक घेतलेलं नव्हतं). फुकटच्या वायफायवर तिथं बोलता येत नाही, फक्त आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवता येतो. अक्काकडे स्वतःचा फोन नाही, वंदनाचाच आहे. मी घाईघाईने नाव दाबलं आणि आमच्या अहिराणीत बोललो, "अक्का, मी प्रकाश. मसालामा खसखस शे का? हो का नही, इतलंच सांग."

तिकडे सामानाच्या पट्ट्यावर आमची बॅग आली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बॅग पुढे गेली, फेरी मारून परत आली. एव्हाना बाकीच्या लोकांनी सामान उचललं होतं. तिसऱ्या फेरीला पट्ट्यावर आमची एकटीच बॅग फिरत होती आणि समोर आम्ही दोघं छताकडे बघत उभे होतो.

अक्काचं उत्तर आलं. दोन मिनिटांचं होतं. "उतरना का भाऊ? विमानमा काही खादं का? सुनंदानं डोकं दुखस का? आठे सोनगीरले पाणी नही, काही नही..." असं करत शेवटी ती मुद्द्यावर आली. "आनि मसालामा काय शे ते तुले कसाले पायजे? सुनंदानीच तुले इचाराले सांगं व्हई. मी नही सांगस." मागून वंदनाचा आवाज आला, "सांगी द्या ना आत्याबाई." आणि रेकॉर्डिंग बंद झालं.

गणवेशातला एक माणूस आमच्याकडे बघून दुसऱ्याशी बोलला. तेव्हा सुनंदाने माझ्या हातातून फोन ओढला. तिचे डोळे भरले होते. "अक्का, मला तुमच्या मसाल्याचं गुपित नको," ती रेकॉर्ड करत म्हणाली. "इथं खसखशीला बंदी आहे. हे लोक यांना तुरुंगात टाकतील हो. माझा माणूस मला परत पाहिजे." पंचवीस वर्षांत माझ्याविषयी ती इतकं चांगलं पहिल्यांदाच बोलली, आणि मला ते ऐकायचीही शुद्ध नव्हती.

एवढं बोलून तिने बॅग उचलली आणि थेट तपासणीच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिच्या मागे मी. साहेब तरुण होता, हिंदी समजणारा. त्याने बॅग उघडली, बूट उचलला, बुटातून मोजा काढला, मोज्यातून पुडी काढली. मग दुसरा बूट. मग साड्या. आठ पुड्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"ये क्या है?"

"मसाला."

"इसमें खसखस है?"

"मालूम नहीं."

"किसको मालूम है?"

"अक्का को," मी म्हणालो, आणि माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला. तेव्हाच साहेबाने माझा हात धरला. खुर्ची दिली, पाणीही दिलं. तेही फुकट.

तेवढ्यात फोनवर अक्काचा निरोप आला. साहेब म्हणाला, "सुनाओ." मी लावला. अक्काचा आवाज एकदम हळू येत होता.

"प्रकाश, वंदनाले मी गोठाकडे धाडेल शे. तुन्हा जीवपेक्षा मसाला मोठा नही. ऐक. त्यामा खसखस नही. दहा-बारा वरीस व्हयनात, मी टाकतच नही. कितली महाग शे ती! लोक म्हनतस खसखसनी चव, मी काही बोलस नही. घाबरू नको, भाऊ. पन कोनले सांगू नको."

त्या म्हातारीने आयुष्यभराची अब्रू माझ्यासाठी पणाला लावली होती. मी साहेबाला हिंदीत सगळं समजावून सांगितलं: अक्का कोण, खसखस किती महाग, लोक काय म्हणतात. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "आंटी का सर्टिफिकेट यहाँ नहीं चलता." आठही पुड्या त्याने ठेवून घेतल्या, पुन्हा असं काही आणू नका म्हणून बजावलं, आणि आम्हाला जाऊ दिलं.

बाहेर आलो. भुसावळचा मे महिना लाजेल असा झोत तोंडावर आला, तरी मला तो गारच वाटला. मी सुटलो होतो. टॅक्सी नको, मेट्रो स्वस्त पडते, हेही मला लगेच आठवलं. सुनंदा वायफाय सुटायच्या आत फोनमध्ये काहीतरी बघत होती.

"अहो, तुम्ही निरोप वंदनालाच पाठवला होता ना?"

"मग कुणाला?"

"मग धुळ्याच्या काकूंनी अंगठा का दिलाय?"

मी फोन बघितला. घाईत मी वंदनाच्या वरचं नाव दाबलं होतं. ते होतं आमच्या घराण्याच्या ग्रुपचं. बेचाळीस माणसं. प्रश्न तिथं गेला म्हणून उत्तरंही तिथंच आली होती; शेवटच्या वेळीही वंदनानेच रेकॉर्डिंग लावून दिलं होतं आणि गोठ्याकडून आल्यावर पाठवलं होतं. (मुद्दाम की चुकून, हे विचारायची मला भीती वाटते.) अक्काची कबुली एव्हाना धुळ्यापासून दीपनगरपर्यंत पोचली होती. शिरपूरच्या बहिणीने खाली लिहिलं होतं, "आम्हीपण टाकत नाही, पण सांगत नाही."

सहा दिवस आम्ही बाहेर जेवलो. चार महिन्यांची बचत तिसऱ्या दिवशी दुपारी संपली. त्याचं मला काही नाही. अक्काने मला एका शब्दाने विचारलं नाही, ते मात्र अजून लागतं. पुढच्या लग्नात घरचे लोक तिच्याकडे मसाला मागायला गेले, तर म्हणाली, "दुकानमाईन लई या. मन्हामा काही नही, सगळास्ले माहीत शे."

शाळेतले सहकारी विचारतात, "सर, परत दुबईला जाणार का?" जाईन की. तिथला साहेब भला माणूस होता. सोनगीरला जायची हिंमत मात्र अजून झालेली नाही. बहिणीकडे शिरपूरला जावंच लागतं, पण बस सोनगीरच्या थांब्यावर थांबली की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो. पायात चप्पल असते.