एका बेटावरचं झुडूप आणि शाळेचे पाहुणे

माझा मोठा भाऊ अंदमानात वनखात्यात नोकरीला होता. एका सुटीत तो ओल्या फडक्यात गुंडाळलेलं रोपटं घेऊन आमच्या गावी, आंधळगावला आला.

"हे झुडूप एकाच बेटावर उगवते," तो म्हणाला. "दुसरीकडं कुठंच नाही. फुलं आले तर तोडू नको, बी धरू दे."

आमचं घर विणकराचं. खोल्यांत माग आणि अंगणात ताण्याचं सूत पसरलेलं, झाडाला जागाच नव्हती. म्हणून मी शिकवत होते त्या शाळेच्या विहिरीजवळ ते लावलं. बकऱ्या येऊ नयेत म्हणून बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं, उन्हाळ्यात वर पोतं बांधलं. फुलायला त्यानं काही वर्षं घेतली. मग एका पावसाळ्यात फिकट जांभळे झुपके आले. शाळेतल्या सगळ्यांना, मुख्याध्यापकांनाही, मी हात जोडून सांगितलं होतं, याला हात लावू नका.

त्याच आठवड्यात वृक्षारोपणासाठी एक मोठे पाहुणे आले. मी तास संपवून बाहेर आले तर कुंपण बाजूला सारलेलं आणि झुडूप बुडापासून कापलेलं. फुलं मंचावर, पाहुण्यांच्या हातातल्या गुलदस्त्यात.

मी सरळ मंचावर गेले. "साहेब, हा गुलदस्ता मला परत द्या," म्हणाले. ते गोंधळले, पण त्यांनी दिला. मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, कायले तमाशा करून राहिल्या? फुलंच तर होते, पुन्हा येतीन."

"कशाला येतील, सर? बुडापासून कापलंय."

माझ्यामागं पाहुण्यांचं झाडांच्या महतीवरचं भाषण सुरू झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

गुलदस्त्यातल्या फांद्या मी घरी डब्यांत रोवल्या. फक्त एकीला कोंब आला, तोही सुकला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लेखी माफीनामा मागितला, मी दिला नाही. सत्र संपताच माझी सिहोऱ्याला बदली झाली.

पुढच्या सुटीत भाऊ आला. त्याला विहिरीजवळ नेलं, तिथं आता मास्तरांच्या सायकली उभ्या होत्या. एक सायकल बाजूला सारून त्यानं तिथली माती पाहिली. मग म्हणाला, "त्या बेटावरही जंगल तोडून राहिले. जहाजांसाठी धक्का बांधायचा आहे म्हणते."

"अन् तुम्ही वनखात्यातले लोकं काय करून राहिले?" मी त्याच्यावरच ओरडले.

घरी आल्यावरही मी ओरडतच होते. आई मला आत घेऊन गेली. त्या दिवशी मी जेवले नाही.