उतरताना दिसणारं घर

वेंडेलिन क्रॉइस हा इंजिन ड्रायव्हर मुलखाचा अबोल. बायको रेगिना म्हणायची, ह्याच्या वाटणीचं बोलणं इंजिनच शिट्टीतून उरकून टाकतं. फ्रँकोनियातल्या त्या अरुंद खोऱ्यात त्याची गाडी सकाळी वर जायची आणि संध्याकाळी खाली यायची. त्याची सगळी नातीगोती त्या जाण्यायेण्यातच बसवलेली होती.

कशी बसवलेली ते सांगायला हवं. इंजिनात ड्रायव्हरची जागा उजव्या हाताला. वर जाताना उजवीकडे, रुळांना लागूनच, त्याचं स्वतःचं घर यायचं. रेगिना कपडे वाळत घालता घालता ओला हात हलवायची. वरच्या शेवटच्या स्टेशनात झिक्स्ट नावाचा म्हातारा इंजिनाला टर्नटेबलवर, म्हणजे रुळांच्या फिरत्या चकतीवर, घ्यायचा आणि खांदा लावून गोल फिरवून द्यायचा. जुन्या इंजिनाच्या मागे कोळशापाण्याचं टेंडर, म्हणजे जोडलेला डबा, असायचं; ते पुढे करून इतकं अंतर धावणं बरं नसे. इंजिनाचं तोंड फिरलं की वेंडेलिनची उजवी बाजूही फिरायची. मग उतरताना त्याच्या खिडकीत नदी यायची, आणि नदीपलीकडे थोरल्या बहिणीचं, बुर्गाचं घर.

बुर्गाशी त्याचं बोलणं नव्हतं. आई बुर्गाकडे राहायची आणि तिथेच एका कडक हिवाळ्यात गेली. आईला माती देऊन आल्यावर, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत वेंडेलिन बोलून गेला होता, "आईची खोली नुसती बर्फ होती. दोन ओंडके जाळायला तुझा हात आखडला." अबोल माणसं तोंड उघडतात ती नेमकी नको तिथे. बुर्गा पांढरीफटक पडली. "माझ्या उंबरठ्यावर परत पाय ठेवू नकोस," एवढंच म्हणाली. त्याने ठेवला नाही. हट्टात दोघंही आईवर गेली होती.

पण गाडीला उंबरठा नसतो. पुढच्या वसंतात एका संध्याकाळी बुर्गा परसात वाफे खणत होती, गाडी समोरून गेली, आणि वेंडेलिनचा हात आपसूक टोपीकडे गेला. बुर्गा ताठ उभी राहून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तो टोपी काढतो न काढतो तोच तिने पदरासारखा एप्रन उचलून हात पुसले. तेव्हापासून ते तसंच चाललं. नदीवर धुकं उतरलेलं असायचं, धूर पाण्यावर लोळत जायचा, आणि त्या पांढुरक्यात एक बाई उभी असायची. क्षणभरच दिसायची. त्याचा सबंध दिवस त्या क्षणाकडे घरंगळत यायचा.

मग नवं इंजिन आलं. कोळसापाणी स्वतःच्याच अंगावर बाळगणारं, आटोपशीर, मागे टेंडर नसलेलं. त्या सुमाराला गावातल्या पोरी लांब वेण्या कापून मानेवर केस ठेवू लागल्या होत्या, म्हणून लोकांनी इंजिनालाही 'केस कापलेली' असं नाव पाडलं. वेंडेलिनला ती पाहताक्षणी आवडली. पुढे धावे तशीच मागेही धावे. त्यामुळे वर गेल्यावर तिला फिरवायचं कारणच उरलं नाही.

पहिल्या संध्याकाळी ती तशीच, पाठ पुढे करून, खोऱ्यात उतरू लागली. वेंडेलिनला वाटलं, आपण झोपेत मागे मागे चाललोय. खिडकीतून सकाळचीच कुरणं येत होती, सकाळचेच पाइन, फक्त उलट्या क्रमाने. नदी कुठे गेली म्हणून त्याने वळून पाहिलं. नदी फायरमन आल्बानच्या बाजूला गेली होती. बुर्गाच्या घरासमोरच अवघड वळण आणि उतार, तिथे ब्रेकवरचा हात काढून पलीकडे जाणं शक्य नव्हतं.

"मास्तर, बुर्गाबाई उभ्या आहेत," आल्बान म्हणाला. ह्या भावंडांची गोष्ट सगळ्या खोऱ्याला ठाऊक होती. "तुमच्या वतीने मी काढू का टोपी?"

"तू कोण लागतोस तिचा?"

आल्बानने टोपी काढली नाही, पण रोज सांगायला मात्र चुकला नाही. "उभ्या आहेत." मग, "कपाळावर हात धरून बघताहेत." मग, "आज बादली उपडी घालून बसल्यात." आणि एका संध्याकाळी, "आज गाडी यायच्या आधीच आत वळल्या, मास्तर."

त्या रात्री वेंडेलिनच्या घशाखाली बटाट्याचे गोळे उतरेनात. बुर्गाला वाटणार, ह्याने एवढंही तोडलं.

"मग जा की चालत," रेगिना म्हणाली. "पूल काय कुणी उचलून नेलाय?"

"तिने उंबरठा बंद केलाय."

"आणि तू तोंड. छान जोडी आहे." तिने ताटली उचलली, जरा घुटमळली. "झिक्स्टकडून इंजिन फिरवून घे. माझं काय, सकाळी तुझी खिडकी नदीकडे गेली तरी मला तू जेवायला दिसतोसच."

टर्नटेबलच्या खड्ड्यात एव्हाना गवत माजलं होतं. झिक्स्ट काठावर बाक टाकून पाइप ओढत बसला होता.

"चाकं एकाच अंगाने झिजताहेत," वेंडेलिन म्हणाला. "फिरवून दे."

"चाकं होय?" म्हातारा मिशीत हसला. "झिजू नयेत बाबा चाकं."

तिघांनी खांदे लावले. गंजलेलं लोखंड कण्हलं, आणि मग सगळं अलगद सुटलं. चर्चचा मनोरा सरकला, डोंगर सरकले, शरदातलं पिवळं ऊन इंजिनाच्या अंगावरून फिरत गेलं.

उतरताना नदी पुन्हा त्याची झाली. वळण यायच्या कितीतरी आधीच त्याने टोपी काढून हातात धरली होती. परस आलं. घेवड्याचे वेल, उपडी बादली, मिटलेलं दार. धुराड्यातून धूर नव्हता. बुर्गा नव्हती.

टोपी तशीच हातात राहिली. थंडीत चूल न पेटलेलं घर त्याने आयुष्यात एकदाच मनात रंगवलं होतं आणि त्यासाठी बहिणीला बोल लावला होता. आज ते खरंच डोळ्यांसमोरून गेलं. पुढे त्याच्या स्वतःच्या घरापाशी आल्बान खिदळत कुणाला तरी टोपी हलवत होता, काहीतरी ओरडून सांगतही होता. वेंडेलिनच्या कानात काही शिरलं नाही.

खालच्या स्टेशनात त्याने इंजिन आल्बानच्या हवाली केलं आणि तडक पुलाची वाट धरली. उंबरठा गेला खड्ड्यात. ती वाट त्याच्या घरावरूनच जायची. दारात रेगिना उभी होती.

"कुठे निघालास? हात धू आणि आत ये. पाहुणी आलीय."

टेबलापाशी बुर्गा बसली होती. चर्चला जायचा काळा झगा, पुढ्यात प्लमचा केक.

"इतके दिवस दिसला नाहीस," ती म्हणाली. "वाटलं, आजारी पडलास. मग वाटलं, रागावलास. त्यापेक्षा आजारी असलेला बरा, असंही मनात आलं माझ्या. म्हणून आज बघायला आले, तर तुझ्या जागी तो आल्बान दात काढत गेला."

"इंजिन फिरवून घेतलं होतं. तुझ्यासाठी."

रेगिनाला हसू आवरेना. वेंडेलिन दारातच उभा. "तू म्हणाली होतीस..."

"माझ्या उंबरठ्याबद्दल म्हणाले होते. तुझ्या उंबरठ्याबद्दल कोण काय बोललं होतं?"

तो चुलीपाशी बसला, एक ओंडका सारला, मग दुसरा, मग तिसरा. खोली तापून निघाली. बुर्गाने रुमालाने मान पुसली.

"पुरे रे. आईचंही असंच व्हायचं. शेवटी शेवटी तिला ऊब सोसायची नाही. मी पेटवायची, ती म्हणायची, घुसमटतंय, खिडकी उघड."

वेंडेलिनच्या हातातला ओंडका हातातच राहिला. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू ठरवूनच आला होतास."

त्याचे डोळे भरून आले. ओंडका त्याने बाजूला ठेवला, उठला, आणि खिडकी सताड उघडली.