क्षारांनी खाल्लेला गिझर आणि मावशींचा बंब

मंडळी, आज सकाळी आमचा गिझर गेला. चाकणच्या बोअरच्या पाण्याने आधी वॉशिंग मशीन खाल्लं, आता हा. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "क्षार साचून कॉइल गेली असणार. उद्या येतो."

इथे बाळ तेल लावून मांडीवर रडतंय आणि नवरा फर्स्ट शिफ्टला!

खालून घरमालकीण मावशींनी ऐकलं. "ह्या पाण्याला गिजर टिकत न्हाई गं. बंबालाबी क्षार धरतो, पण चिंचेनं घासला की झालं," म्हणत त्यांनी अंगणात बंब पेटवला. बाळाला स्वतः न्हाऊ घातलं, धुरी दिली. बाळ गाढ झोपलं आणि माझेच डोळे भरून आले.

आत्ताच मावशींनी हाक मारली, "उद्या किती वाजता पेटवू गं?"

खरं सांगा, मेकॅनिकला 'सावकाश या' म्हणू का?