कापलेला कोपरा

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. प्रथिनांचे नमुने जेलच्या लिबलिबीत थरातून पांढऱ्या पातळ पडद्यावर उतरवले, की आधी त्या पडद्याचा वरचा डावा कोपरा कात्रीनं कापायचा. पडदा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. सुलटा कुठला नि पालथा कुठला, ते त्या कोपऱ्यावरूनच कळतं. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जेवायचं इसरलीस तर चालंल, कोपरा इसरायचा न्हाय."

मी विसरले नव्हते, हेच तर दुखणं.

जीवरसायनशास्त्राची दोन दिवसांची परिषद यंदा आमच्याकडंच, कोल्हापुरात होती. माझं पोस्टर फ्लेक्सवाल्यानं एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरसोबत गुंडाळून दिलेलं. विषय उसाचा. तोडून ठेवलेल्या उसातली साखर उतरते. ती उतरवणारं प्रथिन शेवग्याच्या पाल्याचा अर्क लावला की कमी होतं, असं आमचं म्हणणं. फोटोत डावीकडचे चार पट्टे अर्कवाल्या उसाचे, फिकट. उजवीकडचे चार साध्या उसाचे, काळेभोर; पट्टा जितका काळा तितकं प्रथिन जास्त. गडहिंग्लजला आईनं तर अख्ख्या गल्लीत सांगून टाकलेलं, पोरीनं उसावर औषध काढलं म्हणून. आणि साडेअकराला सर तोच फोटो व्याख्यानात दाखवणार होते.

दहा वाजता, परीक्षक काही विचारतील म्हणून मी वही चाळायला घेतली. त्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, आज दोन पडदे. पहिल्याचा डावा कोपरा कापला, ओळखू यावा म्हणून दुसऱ्याचा उजवा. पोस्टरवरचा फोटो दुसऱ्याचा होता. आणि त्यात कापलेला कोपरा डावीकडं दिसत होता.

फोटो काढताना हाताच्या सवयीनं मी कोपरा डावीकडं घेतला होता, म्हणजे पडदा पालथा पडला होता. डावीकडचे पट्टे उजवीकडं गेलेले. खुणेसाठी घालतात तो ओळखीचा नमुना एका कडेला घातला असता तर तेव्हाच लक्षात आलं असतं, पण मी शहाणीनं तो बरोबर मधोमध घातला होता. म्हणजे पाल्यानं ते प्रथिन कमी होत नव्हतं, वाढत होतं. औषध कसलं, साखर आणखी लवकर उतरवायची सोय केली होती आम्ही. नंतरचे दोन प्रयोग धूसर आले, तेव्हा आम्ही लोडशेडिंगला शिव्या घातल्या होत्या.

गप्प बस की, मन म्हणालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण बघणार आहे तुझी वही? उप्पिटाची बशी हातात तशीच गार झाली. सांगितलं तर पीएच.डी. लांबणार, सर तोंडावर पडणार. नाही सांगितलं तर सर ते खोटं शंभर माणसांपुढं ठासून सांगणार, माझ्या भरवशावर. मला भीती वाटत होती, आणि माझाच रागही येत होता.

सर चहाच्या टेबलापाशी पाहुण्यांशी बोलत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि वही पुढं केली. त्यांनी पान वाचलं, मग पुन्हा वाचलं. पानाच्या तळाशी त्यांची सही होती. दर शनिवारी ते आमच्या वह्यांवर सह्या करायचे.

"आणि कुणाला म्हाईत हाय?"

"कुणालाच न्हाई, सर."

त्यांनी वही मिटली, काखेत घातली आणि हॉलकडं निघून गेले. पुरावा म्हणून जे काही होतं ते त्या वहीतच होतं, आणि ती आता त्यांच्याकडं होती. सरांबद्दल असला विचार आला याची लाज वाटली, पण विचार काही जाईना.

मी मागच्या रांगेत जाऊन बसले. व्याख्यान सुरू झालं. चौदावी स्लाइड आमच्या फोटोची, हे मला पाठ होतं. दहा, अकरा, बारा. तेरावी झाली.

चौदावीवर फोटो नव्हता, वहीचं पान होतं. मोबाइलवर घाईत काढलेलं, जरा तिरकं. माझं गिचमिड अक्षर पडदाभर पसरलेलं आणि खाली सरांची सही. सर इंग्रजीत सांगत होते, इथं जो निकाल दाखवणार होतो तो उलटा आहे, आज सकाळी कळलं. हे पान न वाचताच मी सही केली होती, असंही ते म्हणाले.

अक्षर कुणाचं आहे, ते त्यांनी सांगितलं नाही. शेजारी बसलेली पुण्याची मुलगी माझ्याकडं झुकून कुजबुजली, "बापरे. कुणाची गं ती वही?"

नाही माहीत म्हणणं किती सोपं होतं.

"माझी," मी म्हटलं.